वहिनीची पत

नणंद : काळ्या कापडावर लगेच कळतं बघ. बाहीच्या घडीवर बारीक चमक आलीय, नाण्याएवढी. वहिनी, तीच बाही किती वेळ दाबतेयस?

वहिनी : वन्संबाई, तू आधी बँकेचा तो रिपोर्ट उघड. मग मी इस्त्री सोडते.

नणंद : मघाशीच उघडलाय. तुझं तोंड बघायला मजा येत होती म्हणून गप्प बसले.

वहिनी : लॅबमध्ये पेशंटांनासुद्धा असंच छळतेस?

नणंद : तिथे चेहरा कोरा ठेवायचा पगार मिळतो. ऐक. तुझा क्रेडिट स्कोअर, सातशे ब्याण्णव.

वहिनी : कितीपैकी?

नणंद : नऊशे.

वहिनी : म्हणजे शंभरावर गेले. कुठे चुकलं गं?

नणंद : अगं बाई, शाळेचा निकाल आहे का हा? साडेसातशेच्या वर असेल तर कर्ज देऊ, असं बँकेतले साहेब म्हणाले होते ना? दीड वर्षापूर्वी कर्ज मागायला गेलीस तेव्हा त्यांनीच तुला काय ऐकवलं होतं, आठव.

वहिनी : ‘तुमची कुठे नोंदच नाही.’ मी म्हटलं, अहो, मी आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही. तर म्हणतात कसे, घेतलाच नाहीत तर बुडवणार कशा?

नणंद : तसं बरोबरच बोलले.

वहिनी : बरोबर कसलं. सज्जनपणा सिद्ध करायला आधी उधारी करा म्हणे. आणि तू तरी क्रेडिट कार्ड कसलं निवडलंस माझ्यासाठी? तुझ्या दादाच्या कार्डावर सोनेरी सिंह, आणि माझं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं.

नणंद : त्या सिंहाची वर्षाची फी किती ते विचार त्याला. तुझ्या पुठ्ठ्याला फी नाही, आणि मर्यादाही एवढीशी. महिन्याला साबण पावडर घ्यायची, बिल आलं की तारखेच्या आत सगळं भरायचं. याहून जास्त काय करायचं होतं तुला त्याच्याशी?

वहिनी : भरलंच की. एकही तारीख चुकवली नाही.

नणंद : चुकवतेस कसली. तू तर एकेक बिल दोनदोनदा भरायचीस.

वहिनी : सुरुवातीलाच गं. वाटलं, जास्त भरलं की जास्त चांगली म्हणतील.

नणंद : शेवटी बँकेतल्या मुलीचा फोन. ‘मॅडम, आम्हीच तुमचं देणं लागतो, कृपा करून काहीतरी खरेदी करा.’

वहिनी : किती काकुळतीला आली होती बिचारी. मग केली खरेदी.

नणंद : काय घेतलंस?

वहिनी : आणखी साबण.

नणंद : थांब, थांब, पोटात दुखायला लागलं.

(पडदा सरकवून दादा आत येतो.)

दादा : बाहेर गिऱ्हाईकं विचारतायत, आत सिनेमा लागलाय का म्हणून. अगं, मालक तयार बसलेत. ही लाँड्री विकून त्यांना लेकीकडे जायचंय आणि दोन महिने तू ‘बघू, बघू’ करतेयस. आता तो मोबाईलवाला बयाणा घेऊन आलाय. त्याला इथे फोनचं दुकान टाकायचंय. चला, माझ्या नावावर कर्ज काढू.

नणंद : दादा, तुझा स्कोअर पाचशे चाळीस आहे.

दादा : वाईट असतो का?

नणंद : रक्ताचा असता तर तुला ॲडमिट केलं असतं.

दादा : कार्डं तर भरपूर आहेत माझ्याकडे.

नणंद : एक बॅग फुकट मिळाली म्हणून, एक मिक्सरसाठी, एक छत्रीसाठी. शिवाय एकाच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकलेस. त्यांना वाटणार नाही, हा माणूस बुडतोय?

दादा : छत्री चांगली आहे पण. आणि मी दर महिन्याला पैसे भरतो हं. ‘किमान रक्कम’ असं त्यांनीच छापलेलं असतं. मी आज्ञाधारक माणूस.

वहिनी : अहो, बाकीच्यावर व्याज चढतं. आणि तुम्ही तर तेही उशिरा भरता.

दादा : तू कधी शिकलीस हे सगळं?

वहिनी : तुम्ही छत्री उघडून बघत होतात तेव्हा.

दादा : बरं, हरलो. मग दोघांच्या नावावर काढू. पाटीवर दोघांची नावं, झकास दिसेल.

नणंद : दादा, बँक दोघांचे स्कोअर बघणार. तुझ्यामुळे हिचं मंजूर होणारं कर्जही अडकेल.

दादा : म्हणजे मी नकोच?

नणंद : कागदावर नको.

दादा : अगं, तू सांग. दरवेळी ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणतेस. विचार की मग.

वहिनी : विचारलं तर तुम्ही हो म्हणाल. नाही म्हणायचं कधी जमलंय तुम्हाला? म्हणून तर एवढी कार्डं झाली.

दादा : मग मालकांना काय सांगू?

वहिनी : सांगा, दुकान मी घेतेय. माझ्या एकटीच्या नावावर.