उड्डाणास अयोग्य

डॉक्टर : अहो वहिनी, गेल्याच आठवड्यात तपासलेत मी तुमच्या नवऱ्याचे डोळे. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली त्याने.

वहिनी : न, प, ट, ल, य, ग.

डॉक्टर : तुम्हाला कसं माहीत?

वहिनी : पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतो आणि हेच म्हणतो. हल्ली ती त्यावरच झोपते.

डॉक्टर : पाठ केलं गाढवाने!

वहिनी : विमान पेटलं, उडी मारावी लागली, तेव्हापासून उजव्या डोळ्यासमोर नुसता धूर आहे. परवा पोरगी त्या बाजूने रांगत आली. बुटाचा पाय पडला तिच्या हातावर. "दिसलीच नाही गं," म्हणाला. मग जेवलाही नाही.

डॉक्टर : म्हणे उंच, म्हणून आम्ही त्याला बगळा म्हणतो! त्या उडीत पाठीचा कणा दबून अर्धा इंच बुटका झाला, तर म्हणतो कसा, बरं झालं, आता विमानात डोकं आपटणार नाही.

वहिनी : हसवू नका हो. लढाईच्या आधी शेतांवर औषध फवारायचं विमान चालवायचा तो. आता चव्वेचाळीस मोहिमा झाल्या. त्याच्याबरोबर भरती झालेले किती उरलेत?

डॉक्टर : तो एकटा.

वहिनी : मग पुरे की! उद्या सकाळी पुन्हा जायचंय त्याला. तुम्ही थांबवा.

डॉक्टर : जन्मात माफ करणार नाही तो तुम्हाला.

वहिनी : न करेना का. रोज समोर बसून न करेना.

डॉक्टर : माझं काय, दोन शब्द लिहायचे, 'उड्डाणास अयोग्य'. पण विमान रिकामं नाही राहायचं, वहिनी. त्याच्या जागी तुमच्या वरच्या मजल्यावरचा पोरगा जाईल.

वहिनी : तो? अहो, मिसरूड फुटलंय नुकतं.

डॉक्टर : लढाऊ विमानात सगळे मिळून अकरा तास बसलाय. म्हणून तर मी त्या दिवशी तक्त्याकडेच बघत राहिलो. बगळ्याच्या डोळ्याकडे नाही बघितलं.

वहिनी : म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला.

डॉक्टर : वाटलं, एका डोळ्याने का होईना, हा परत येईल. तो पोरगा नाही यायचा.

(डॉक्टर कागद पुढे ओढून पेन उघडतात.)

डॉक्टर : सांगा. लिहू?

वहिनी : लिहा.

डॉक्टर : थांबताय, सही होईपर्यंत?

वहिनी : नको. पोरीची दुधाची वेळ झाली.

डॉक्टर : कुणाकडे ठेवलंय तिला?

वहिनी : वरच्या मजल्यावर. त्याच्या बायकोकडे.