खोडून पातळ झालेला रकाना

अर्जावरचा दुसऱ्या विषयाचा रकाना पेन्सिलीनं भरून इतक्यांदा खोडला होता, की कागदातून पलीकडचा अंगठा दिसत होता. ओहायोतल्या कॉलेजात नोंदणीच्या रांगेत उभ्या असलेल्या लोर्नाला तो अर्ज पुढच्या मुलीच्या हातात दिसला. मुलीबरोबर तिची मैत्रीण होती.

“डेलिया, आज शेवटचा दिवस. लिही काहीतरी!”

“जीवशास्त्राबरोबर भूशास्त्रही घेतलं, तर पदवीनंतर मेडिकलला प्रवेश देणाऱ्यांवर छाप पडेल ना?”

“ते विषय मोजत नाहीत, बाई. गुण बघतात.”

“मग नकोच. भूशास्त्राच्या शिबिरासाठी उन्हाळाभर डोंगरात राहायचं, मेडिकलच्या अर्जाला लागणारे हॉस्पिटलमधले सेवेचे तास बुडणार.”

“मग संपलं.”

“पण दगड फोडून आत बघितलं ना, की मला बरं वाटतं गं.”

“हे मेडिकलच्या अर्जात कुठे लिहिणार?”

“कुठेच नाही. मग करायचं कशाला, तेच कळत नाही.”

“मला काय विचारतेस? मेडिकलपायी मी व्हायोलिन सोडलं.”

“आठवण येते?”

“खिडकी रिकामी झाली. जा.”

खिडकीतल्या बाईंनी अर्ज उजेडात धरला.

“दुसरा विषय कोराच आहे. काय लिहू?”

“भूशास्त्र,” डेलिया म्हणाली. “आणि पेनानं लिहा.”