बारवेतली घंटा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही हात आवरा. आज एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई नको. एखाद्याचं काळीज फाटलंय, तो हाका मारतोय, आणि आपल्याला ती हाक भुताची वाटते! तर भूत कोण? तो — की आपण?

ऐका.

कातरमळा नावाचं गाव. तिथं आपल्या लोकांची वस्ती, वस्तीत दगडी चर्च, आणि चर्चच्या घंटेचा दोर हनोखतात्याच्या हातात. म्हाताऱ्याचे गुडघे कामातून गेलेले, पण कान? मुंगी शिंकली तर ‘प्रभू भलं करो’ म्हणेल! वस्तीत कुणी वारलं की तात्या दोर ओढायचा. मयताची घंटा वेगळी बरं का! एक ठोका — मग तो आवाज पार विरेपर्यंत थांबायचं — मग दुसरा. ती ऐकली की चुलीवरची भाकरी चुलीवर, माणसं घराबाहेर!

ही घंटा तबिथाबाईच्या शद्रकला मिळाली नाही. विधवेचा एकुलता पोरगा. कितीतरी दिवस आतल्या आत खचत होता, कुणाशी बोलेना. एका सकाळी बारवेत, त्या पायऱ्यांच्या खोल विहिरीत, त्याचं प्रेत तरंगलं. पंचांचे पुढारी बर्नबाअण्णा म्हणाले, “स्वतःच्या हातानं गेला. त्याला घंटा नाही. रीत आहे!”

तबिथाबाई तात्याच्या दारात आली. “तात्या, एकदाच वाजवा हो. कुणीतरी त्याचं ऐकलं, एवढं त्याला कळू दे.”

तात्या जमिनीकडे बघत म्हणाला, “अण्णांना विचार, बाई.”

झालं! दोर तात्याचा, हात अण्णांचे!

माती झाली. आणि काही दिवसांनी, भर दुपारी — पान हलत नाही, कुत्रं भुंकत नाही — ठण्ण!

मग शांतता.

मग पुन्हा — ठण्ण!

तात्यानं मान वर केली. घंटा जागच्या जागी, दोर सरळ लोंबतोय. आवाज येतोय जमिनीखालून! बारवेतून! आणि दोन ठोक्यांतलं अंतर? अगदी मयताच्या घंटेचं!

रोज दुपारी तोच आवाज. रोज आदल्या दिवसाहून खोल. बायांनी बारवेवरचं पाणी सोडलं. “शद्रक्या आपली घंटा आपणच वाजवतोय गं!” तबिथाबाई दुपारी घरात नसते, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या दाराकडे फिरकतंय कोण!

मग आपल्या लोकांनी काय केलं? सभा भरवली! एक माणूस वाकून बघता, तर भागलं असतं. पण आपल्याला सभा लागते! ढोलकीसकट सगळे बारवेच्या काठावर. खाली बघायची भीती — पण प्रार्थनेत डोळे मिटायचेच असतात, आयतंच झालं की! अण्णा गरजले, “शद्रकच्या रूपातल्या सैताना, नीघ इथून!”

“आमेन!”

आवाज थांबला. “पळाला!” म्हणत अण्णांनी घाम पुसला.

पण तात्याच्या कानाला खालून काहीतरी लागलं. हुंदका. बाईचा. तोंडात पदर कोंबून दाबलेला.

सांगा मंडळी, सैतान हुंदके देतो?

लोक परतले. तात्या मात्र गुडघ्यांवर हात ठेवत पायऱ्या उतरू लागला. शेवाळाचा वास. डोक्यावरचं आभाळ ताटाएवढं झालं. पायऱ्यांचं वळण आलं, आणि — काळ्या पाण्यात छातीपर्यंत बुडालेली बाई! पाठमोरी. केस पाण्यावर पसरलेले. हातात पितळी तांब्या.

“तबिथा?”

ती वळली नाही. “हळू बोला, तात्या. त्याला नीट ऐकू जात नाही. म्हणून रोज एक पायरी खाली येऊन वाजवते. आज त्यानं ओ दिली.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, अजून एकच पायरी, आई.”

ती उभी होती ती शेवटचीच पायरी, पुढं नुसतं खोल पाणी! शास्त्रातली वचनं तात्याला तोंडपाठ. पण एक जिभेवर येईल तर शपथ. नाही आलं तेच बरं! तो वहाणांसकट पाण्यात शिरला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

“माझ्या लेकराला सैतान म्हणाले,” ती म्हणाली. “तुम्हीसुद्धा आमेन म्हणालात. तुमचा आवाज ओळखला मी.”

“म्हणालो, पोरी.”

म्हातारा तिथंच रडू लागला. मग त्यानं तिच्या हातातला तांब्या घेतला, दगडावर मारला, आवाज विरू दिला, पुन्हा मारला. “हा फार हलका पडतो गं. शद्रकला मोठीच पाहिजे. चल. या गुडघ्यांनी मला एकट्याला वर चढवत नाही. हात दे.”

ती वळली. मग तिनं हात दिला.

दिवस मावळायच्या आत घंटा वाजली! दोर दोघांच्या हातात. अण्णा धावत आले. “तात्या! कुणाला विचारून?”

“दंड काय तो उद्या करा, अण्णा. आधी टोपी काढा. मयताची घंटा आहे.”

अण्णांनी ओलीचिंब बाई पाहिली. टोपी काढली. पिठाच्या हातांनी बाया आल्या. एकीनं आपलं लुगडं आणून तिच्या अंगावर घातलं. गाणं कुणीच म्हटलं नाही.

आणि मंडळी, दोन ठोक्यांमधल्या त्या शांततेत, बारवेकडून अगदी बारीक — ठण्ण!

तांब्या तर तबिथाबाईच्या पायाशी पडला होता!

प्रतिध्वनी असेल म्हणा. बारव खोल आहे. त्यानंतर तो आवाज कुणी ऐकला नाही.

आपला प्रभू मित्राच्या थडग्यापाशी आला, तेव्हा आधी रडला. आणि आपण? आपण काठावरूनच आमेन म्हणतो! तेव्हा आज शेवटचं भजन नको. घंटेचा एक ठोका विरेल इतका वेळ गप्प बसा. डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. आणि ऐका — तुमच्या शेजारच्या घरात कोण वाजवतंय?