कुंपणालगतची जागा

शनिवारचा उपास, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गावच्या फुटबॉल मैदानावरच्या टपरीपाशी मी नुसत्या चहासाठी उभी होते. रांगेत माझ्यापुढे मॅव्हिसबाई होत्या, नवरा वारल्यापासून एकट्याच, आणि त्यांच्यापुढे क्लबचे सर्वांत जुने खेळाडू, व्हर्न.

"व्हर्न, खरं सांग. कुंपणालगतची आमची गाडी लावायची जागा दुसऱ्या कुणाला दिलीत ना?"

"कोण म्हणालं?"

"रॉय गेला. मला गाडी चालवता येत नाही. गाडीशिवाय जागा कशी राहणार?"

"मॅव्हिस, हे मैदान रॉयच्या आजोबांनी घोडे जुंपून सपाट केलंय."

"सपाट? चेंडू अजून आपणहून तळ्याकडे पळतो."

"अठरा जणांच्या संघात तो उतार आपला एकोणिसावा खेळाडू आहे, नावं ठेवू नकोस. आणि पोरं युद्धावर गेली, तेव्हा मेंढ्या चरायला सोडून इथलं गवत कुणी आटोक्यात ठेवलं?"

"माझ्या सासूनं."

"मग? त्या घरची जागा द्यायला आमची डोकी फिरलीत?"

"पण रिकामी जागा बरी दिसत नाही रे."

"रिकामी कुठाय? सकाळी पोरांनी तुमची गाडी ढकलत आणली. सामन्याआधीच सगळा संघ घामाघूम."

"अगं बाई. ती सुरूच होत नाही."

"न होऊ दे. हॉर्न वाजतो, तो आधी बघितला."

"गोल झाला की हॉर्न रॉयच वाजवायचा. मला कधी हात लावू दिला नाही."

"आज लाव. तू वाजवल्याशिवाय बाकीच्या गाड्या वाजवणार नाहीत, असं ठरलंय."

"चहा राहू दे मग. मी जाते."

माझा चहा हातात येतो तोच मैदानावर गोलची आरोळी उठली. मग सगळं गप्प झालं. कुंपणाकडून एकच हॉर्न वाजला, लांबलचक. त्याच्यामागून बाकीचे.