ठणका थांबला

१९७४ साली, आई गेल्यावर, तिच्या तोंडाच्या कॅन्सरचे कागद न्यायला मी चिंचवडच्या दवाखान्यात गेले होते. शेजारी सासू-सून बसल्या होत्या.

"आत्याबाई, इथंसुद्धा मिश्री?"

"हिरडी ठणकतीया, म्हणून तर लावतीया."

"तीन महिने भाकरी दुधात कुस्करून खाताय."

"दात पडला, त्याची जखम हाय ती."

"दात उजवीकडचा पडला. जखम डावीकडं हाय."

"लई शानी! डाक्टरीण झालीस व्हय?"

"शिफ्ट बुडवून आणलंय तुम्हाला."

"सोजरबाई कोण?" आतून हाक आली.

"उठा, आत्याबाई."

"थांबला बघ ठणका. चल घरी."

मी सोजरबाईंची पिशवी उचलून डॉक्टरांच्या दारात नेऊन ठेवली.

"अगं ए बाई, माझी पिशवी कुठं नेतीस?"

"आत," मी म्हणाले.