मांजरेची वाळू

माझा मेहुणा शिवप्पा केनियात बोअर पाडायच्या कामाला होता. आमच्याकडे जिल्हा नवा आणि दुष्काळ जुना, तेव्हाची गोष्ट. सुट्टीवर आला आणि टपरीवर चहा पिताना सांगू लागला, “दाजी, तिथल्या बायांनी कोरड्या नदीत बांध घातला. मागं वाळू साठली, वाळूत पाणी राहिलं. आता उन्हाळाभर झिरा उकरून घागरी भरतात.”

माझ्या पोटात दुखलंच. “त्यात काय लई? तुझी अक्का होती तवर मांजरा नदीत हातानं झिरा उकरायची.”

“मग तुमीबी घाला की बांध!”

“वाळू ठिवली तर ना.”

“कुठं गेली?”

मी समोरच्या नव्याकोऱ्या सरकारी इमारतीकडे बोट केलं. “हितं. वरच्या मजल्यावर दुष्काळाचं खातं बसतंय.”