केसाएवढी नळी आणि सुभद्राबाई

...आणि वर म्हणतात, सुभद्राबाईंचं डोकं गरम! होणारच ना हो! तुम्हाला सांगतो, गिरण्यांचा संप फिसकटला, आमच्या काळाचौकीच्या चाळीत पगार बंद आणि हातभट्टी सुरू, तेव्हा ह्याच बाईने बायका जमवल्या, लाटणी घेऊन अड्ड्यावर गेली आणि दारूचे कॅन गटारात ओतले! आणि आता, इतक्या वर्षांनी, शेजारची राधाबाई नळावर काय सांगते? ‘अगो सुभद्रे, तुझी मंजुळा कॉलेजात दारू उकळता!’

झालं! बाई तडक माटुंग्याला, एम.टेक. करणाऱ्या लेकीच्या लॅबमध्ये. टेबलावर बाटली. उघडली, हुंगली... वास तोच! ‘ऊठ! आजपासून कॉलेज बंद!’

‘आई, एकदा बघ तरी गो. मग ने मला.’

बघायचं काय, तर तांब्याच्या पट्टीत कोरलेली नळी. केसाएवढी नळी हो! वर काच, काचेवर कॅमेरा, टीव्हीवर हे मोठं चित्र. मंजुळाने खालून आच दिली, नुसतं पाणी सोडलं. एक बुडबुडा आला, फुगला, फुगला, अख्खी नळीच अडवून बसला, आणि मागून येणाऱ्या पाण्यालाच उलटा रेटत सुटला! नळी कोरडी, तापमानाचा काटा वर...

‘अगो करपतंय! आच बंद कर!’ बाईच ओरडल्या!

मंजुळाने बंद केली. पाण्यात थोडं अल्कोहोल घातलं, परत तेवढीच आच. आणि काय सांगू! बुडबुडे येतायत, पळतायत, पण नळी कोरडी पडेल तर शपथ!

‘अल्कोहोल आधी उडतं, आई. मागे उरलेलं पाणी शेजारचं पाणी आपल्याकडे ओढून घेतं. म्हणून करपत नाही. उद्या अशाच नळ्या कॉम्प्युटर थंड ठेवतील.’

‘परत दाखव!’ परत दाखवलं. ‘आच वाढव!’ वाढवली. केसाएवढी नळी, पण पाणी धरून राहिली! बाईंनी पदराने डोळे पुसले. म्हणे, डोळ्यांत वाफ गेली. अहो, वाफ काचेखाली होती!

‘कॉलेज सोडलंस तर तंगडी मोडीन,’ म्हणाल्या आणि निघाल्या.

संध्याकाळी नळावर अख्खी चाळ गोळा. बाई हातवारे करून सांगतायत, बुडबुडा असा, काटा तसा, केसाएवढी नळी! सगळे आ वासून ऐकतायत. शेवटी माळ्यावरच्या कुशाबांनी घसा खाकरला.

‘वहिनी, सगळं समजलं. पण... बाटलीतलं उरलेलं कुठे टाकतात?’

तुम्हाला सांगतो, सुभद्राबाईंनी पदर खोचला. हंडा उचलला आणि घरात गेल्या.